कानात वारं

उधळलेल्या वासराला आपल्याकडे म्हणतात, कानात वारं शिरलंय. एका रविवारी सकाळी साडेसहाला गणेशपुरीत तसंच एक वासरू आलं. भीमेश्वराच्या देवळाजवळ गरम पाण्याच्या कुंडांवर अंघोळी चालल्या होत्या. गुडघेदुखीवाले म्हातारे पाण्यात पाय सोडून बसले होते, बाया ओल्या साड्या पिळत होत्या. तेवढ्यात वज्रेश्वरीच्या बाजूनं आवाज आला. आधी बारीक शिट्टी, ती चढत चढत कानात घुसली, मग एकदम फुस्स. ट्रकचा एअर ब्रेक सुटतो तसं. पायरीवरच्या एका आजींनी दचकून शेजारणीचा हात धरला.

मोटरसायकल होती. चारशे सीसीच्या आतली, एका सिलिंडरची, रोज रस्त्यावर दिसते तशीच. पोरगा चोवीस-पंचवीसचा. त्यानं हेल्मेट काढलं, हसला आणि म्हणाला, "टर्बो बसवलाय काका."

मी खाली बसून बघितलं. सायलेन्सरचा पुढचा बेंड कापून तिथं मुठीएवढी लोखंडी गोगलगाय बसवलेली. वेल्डिंग इतकं सारखं की बोट फिरवावंसं वाटावं, पण गाडी नुकतीच थांबली होती आणि हातभर अंतरावरूनच तोंडावर धग येत होती. सगळं त्यानं स्वतः केलेलं. बाप भिवंडीत यंत्रमागावर जॉबर. पोरगा आयटीआय करून अंबाडीला एका गॅरेजात कामाला. किट बाहेरून मागवलेलं, दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून.

"पुढचा ब्रेक कुठला टाकलास?" मी विचारलं.

"तो कंपनीचाच आहे."

"आणि पिस्टन?"

"तोही कंपनीचाच. इंजिन उघडलंच नाही काका. किटवाले म्हणाले, गरज नाही."

आजचा मजकूर या दोन उत्तरांवर आहे.

आधी एक सांगून टाकतो. या पोराला टवाळ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. ज्याला धुराच्या जोरावर हवा दाबता येते हे कळलं, ते करून बघावंसं वाटलं आणि स्वतःच्या हातानं करता आलं, त्या पोराचं मला कौतुक आहे. माझा राग दुसरीकडे आहे. त्याला अर्धीच विद्या विकली गेली, आणि उरलेल्या अर्ध्या विद्येची किंमत तो, त्याच्या मागे बसणारा आणि या रस्त्यानं चालणारी माणसं मोजणार आहेत.

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण त्याची ताकद ठरते हवेवर. जेवढी हवा आत, तेवढंच पेट्रोल नीट जळतं. साधं इंजिन स्वतःच्या दमानं ओढेल तेवढीच हवा घेतं. टर्बो काय करतो, तर सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक छोटा पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. आपल्या भोवतीच्या हवेचा दाबच मुळात पावणेपंधरा पौंडांच्या आसपास असतो. टर्बोनं त्यात सात पौंड घातले की इंजिनात जवळपास दीडपट हवा शिरते. टायरवाल्याकडे आपण तीस पौंड हवा मारून घेतो, त्यापुढे सात पौंड काहीच वाटत नाहीत. पिस्टनला ते सात पौंड फार आहेत.

यावर पोरं लगेच विचारतात, मग ट्रकला कसं चालतं? प्रश्न बरोबर आहे. भिवंडीच्या गोदामांतून माल भरून निघणाऱ्या ट्रकांना टर्बो असतोच. रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनच्या पेट्रोल इंजिनालाही आहे. पण ती इंजिनं टर्बो पोटात घेऊनच जन्माला आलीत. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबली जाते, डिझेल नंतर फवारलं जातं, त्यामुळे दाब वाढवला तरी वेळेआधी भडका उडायला आत इंधनच नसतं. पेट्रोलचं तसं नाही. तिथं हवा आणि पेट्रोल बहुतेक गाड्यांत एकत्रच दाबलं जातं. दाब वाढला की उष्णता वाढते, उष्णता फार वाढली की ठिणगीनं पेटवलेली आग पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं. मेकॅनिक म्हणतात, नॉकिंग मारते. बाहेर बारीक खटखट ऐकू येते, आत पिस्टनच्या डोक्यावर घण पडत असतात. आजच्या चारशे सीसीच्या आसपासच्या जलद गाड्यांत मिश्रण बारापट किंवा त्याहून थोडं जास्त दाबलं जातं, म्हणजे कंपनीनंच ते काठापर्यंत आणून ठेवलंय. त्यावर आणखी सात पौंड.

होंडानं 1982 साली सीएक्स 500 टर्बो बाजारात आणली, ती कशी आणली ते बघा. मूळ गाडीत मिश्रण दहापट दाबलं जायचं. टर्बो लावायचा म्हणून होंडानं ते सव्वासातच्या जवळ खाली आणलं. आतले भाग जास्त मजबूत केले. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवायला त्या काळात संगणक बसवला. त्याच सुमारास यामाहा, सुझुकी, कावासाकी, सगळ्यांनी टर्बोच्या गाड्या काढल्या. जगातले सगळ्यात हुशार इंजिनवाले आणि त्यांच्या हाताखाली हवा तेवढा पैसा. तरी दशक संपायच्या आत चौघांनीही टर्बोच्या मोटरसायकली बंद केल्या. वजन वाढलं, खर्च वाढला, आणि थ्रॉटल पिळणं आणि ताकद येणं यांच्यातली फट पूर्ण बुजली नाही.

त्याआधीची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1978 साली अमेरिकेत कावासाकीची झेड-वन-आर टीसी नावाची गाडी विकली गेली. इंजिन कारखान्यातून आलेलं, टर्बोचं किट दुसऱ्या कंपनीचं, वरून बसवलेलं. आज आपली पोरं करतात तेच. ती घेताना गिऱ्हाइकाकडून सही घेतली जायची, की या गाडीवर कुठलीही हमी नाही हे मला माहीत आहे. आज किटच्या खोक्यावर 'फक्त रेसिंगसाठी' असं छापलेलं असतं. तीच सही आहे ती, फक्त आता गिऱ्हाइकाला पेन हातात धरावं लागत नाही. खोकं फोडलं की सही झाली.

मी त्या पोराला म्हटलं, "बापाला दाखवलंस का?" म्हणाला, "नाही, त्यांना गाडीतलं कळत नाही." माझ्या मते त्याच्या बापाला सगळ्यात जास्त कळलं असतं.

भिवंडीत जॉबर असलेल्या माणसाला विचारा, मागाच्या मोटरची पुली बदलून मोठी टाकली तर काय होतं. माग जोरात पळतो. मिनिटाला फेरे वाढतात, कापड जास्त निघेलसं वाटतं. पण धोट्याला ठोसा देणारी काठी तीच, तिचा चामडी पट्टा तोच, धोटा ज्या पेटीत जाऊन थांबतो ती पेटी तीच. धोटा आता जास्त वेगानं येतो, पेटी त्याला धरू शकत नाही, तो मागे उसळतो. सूत तुटतं. एखाद दिवशी धोटा मागातून सुटून बाहेर उडतो. लाकडी, टोकाला लोखंड लावलेला धोटा शेजारच्या मागावरच्या माणसाला कुठं लागेल याचा नेम नसतो. म्हणून चांगला जॉबर पुलीला हात लावायच्या आधी पेटी बघतो. वेग वाढवायचा तर थांबवणारं अंग आधी घट्ट करायचं, हे यंत्रमागावर घाम गाळलेल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. पोराच्या घरात ही विद्या तीस वर्षं आहे. किट विकणाऱ्यानं ती त्याला विचारू दिली नाही, कारण किटच्या खोक्यात पुली आहे, पेटी नाही.

गाडीवर ते डोळ्यांनी दिसतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर गेला की काही सेकंदांत दांडा खलास. तेल वर ढकलणं सोपं, परत आणणं अवघड, कारण ते टर्बोतून बाहेर पडतं ते फेसाळून, आणि स्वतःच्या वजनानंच त्याला खाली उतरायचं असतं. त्या पोराच्या गाडीत टर्बो इतका खाली होता की तेल परत नेणारी नळी जवळजवळ आडवी गेली होती. अशा ठिकाणी ते ओढून घ्यायला वेगळा पंप लागतो. तो नव्हता. धुराचं तापमान भार पडल्यावर आठशे-नऊशे अंशांवर जातं, आणि गाडी तापलेली असताना किल्ली फिरवून बंद केली की आत अडकलेलं तेल जळून कोळसा होतं. कुंडावर गाडी लावली आणि लगेच किल्ली काढली. माझ्या समोर केलं त्यानं हे. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की मिनिट-दोन मिनिटं गाडी न्यूट्रलला चालू ठेवायची.

पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल स्वतः नॉकिंगला दाद देत नाही, ही चांगली बाजू. पण तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. हवा दीडपट, वर इंधनाची गरज आणखी वाढलेली, आणि इंजेक्टर कंपनीचाच. तो पुरा पडला नाही की मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण जास्त तापतं, आणि पिस्टनला भोक पडतं. पोरं याला 'इंजिन बसलं' म्हणतात. उभ्या गाडीचं बसलं तर पैशाचं नुकसान. ऐंशीच्या वेगात मागचं चाक एकदम धरलं तर?

आता रस्त्यावर येऊ.

शिरसाड फाट्यावरून उसगाव, वज्रेश्वरी, मग अंबाडीकडे जाणारा रस्ता मी आयुष्यभर बघतोय. रविवारी पहाटे मुंबई, ठाणे, वसईकडून मोटरसायकलींचे घोळके इथं येतात. येऊ द्या, रस्ता सुंदर आहे, तानसेच्या काठची हवा चांगली आहे. पण हा रस्ता पाड्यांचा आहे. कडेनं डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाया चालतात. पावसाच्या सुरुवातीला कंटोळी, शेवळं घेऊन पोरी कडेला बसतात. शेळ्या वळणावर उभ्या असतात. कुंडावरून परतणारे म्हातारे ओल्या कपड्यांनी रस्त्याच्या मधून चालतात, कारण कडेला चालायला जागा केलेलीच नाही. भिवंडी-वाडा रस्त्याच्या खड्ड्यांसाठी लोकांनी किती वेळा रस्त्यावर बसून आंदोलनं केली, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

अशा रस्त्यावर वरून बसवलेल्या टर्बोचा खरा धोका वळणात असतो. एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच धूर फेकतं, त्यामुळे पंख्याला धक्के तुटक मिळतात आणि तो सावकाश जोर धरतो. वळणात शिरताना पोरगा थ्रॉटल पिळतो, काही होत नाही, आणखी पिळतो. गाडी कललेली, टायरची पकड अर्धी वळण्यातच खर्च झालेली. तेवढ्यात पंखा जोरात येतो आणि साठून राहिलेली ताकद एकाच वेळी मागच्या चाकावर पडते. सरळ रस्त्यावर त्यानं मान मागे फेकली जाते. वळणात चाक निसटतं. पोरगा एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला, आणि त्या दुसऱ्या बाजूला कोण उभं असेल ते त्या दिवशीच्या नशिबावर.

आणि ब्रेक. साठचा वेग एकशेवीस झाला की थांबवायची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. शंभरच्या वेगात डोळ्यांनी शेळी बघून बोट ब्रेकच्या दांडीवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी अठ्ठावीस मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागायच्या आधी. कावासाकीनं 2015 साली हवा कोंबणारी निन्जा एच-टू काढली तेव्हा पुढच्या चाकाला 330 मिलिमीटरच्या दोन डिस्क दिल्या. आपल्या पोराच्या गाडीला पुढं एक डिस्क आहे, कंपनीनं मूळ ताकदीसाठी दिलेली. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. यातल्या एकाही घरात टर्बोची शिट्टी कुणाला आठवत नसेल. आठवतो तो फोन.

कायदा दोन ओळींत सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52: आरसी बुकात जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच पुन्हा बजावलं. 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर नुकसानीचा दावा ती नाकारू शकते. पण याच कायद्यात सीएनजीच्या किटला वाट आहे. ते किट चाचणी होऊन मंजूर होतं, मान्यता असलेल्या ठिकाणी बसतं, आरसी बुकात नोंद होते. म्हणजे सरकारला वरून बसवलेल्या किटचं वावडं नाही. तपासल्याशिवाय बसवलेल्याचं आहे, आणि ते बरोबर आहे.

इथं मला सरकारलाही, आपल्या सगळ्यांनाही एक विचारायचंय. चाकणला आणि वाळूजला मोटरसायकली बनतात, तिथून जगभर जातात. गाड्या तपासणारी एआरएआय 1966 पासून पुण्यात आहे. मोटरसायकल या एका वस्तूबद्दल महाराष्ट्राइतकं ज्ञान फार थोड्या ठिकाणी असेल. आणि त्याच राज्यातल्या भिवंडी तालुक्यातल्या, हातात कला असलेल्या पोराला स्वतः केलेलं काम तपासून बघायला जागा कुठली, तर गणेशपुरीचा रस्ता. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्यात, तिथली फी, टेम्पोचं भाडं, राहण्याचा खर्च गॅरेजातल्या पगारात बसत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना फॉर्म्युला भारत आहे. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर ती मुलं मोटरसायकलची इंजिनं लावलेल्या छोट्या रेस गाड्या पळवतात. तिथं टर्बो चालतो, फक्त हवा वीस मिलिमीटरच्या भोकातून यायला हवी असा नियम आहे, आणि गाडी ट्रॅकवर सोडण्याआधी ब्रेकची परीक्षा घेतात. परीक्षेत चारही चाकं धरली नाहीत तर गाडी बाजूला. कॉलेजच्या पोराला जे शिस्तीत मिळतं तेच आयटीआयच्या पोराला चोरून करावं लागतं. डोकं दोघांचं सारखंच आहे. फरक फक्त कुणाच्या बापाला फी भरता आली याचा.

आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गात एक डायनो, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणारं यंत्र, बसवला, महिन्यातला एक शनिवार बाहेरच्या पोरांसाठी उघडा ठेवला, तर हीच पोरं किती पौंडांवर नॉकिंग सुरू होतं ते रस्त्यावर नाही, यंत्रावर शिकतील. एखाद्या बंद कारखान्याच्या आवारातली पट्टी, वर्षातून चार रविवार, एक अँब्युलन्स. यासाठी फार मोठी योजना लागत नाही. ठाणे-पालघर भागातले आमदार, आयटीआयचे प्राचार्य, मोटरसायकल बनवणारे कारखाने यांच्यापैकी कुणीही पुढाकार घेतला तर मी स्वतः पाड्यापाड्यावरच्या पोरांना सांगायला जाईन.

पण ते होईल तेव्हा होईल. तोवर त्या पोराला सांगायचं ते त्या सकाळी अर्धंच सांगून झालं, कारण त्याला कामावर जायचं होतं. उरलेलं इथं सांगतो.

बाळा, किट काढ. विकू नकोस. तुझ्या हातानं बसवलेलं आहे ते, गॅरेजातल्या टेबलावर ठेव आणि उघडून बघ, तेलाच्या नळीत कोळसा सापडतो का ते तपास. कापलेला बेंड जपून ठेव, कंपनीचा नवा बसव. गाडी आरसी बुकात आहे तशी कर. मग एका संध्याकाळी बापाला गॅरेजात घेऊन ये, टर्बो त्याच्या हातात दे आणि पुलीची गोष्ट त्याच्या तोंडून ऐक.

रविवारी सकाळी मी भीमेश्वराच्या पायऱ्यांवर असतो. मूळची गाडी घेऊन ये, मी तुझ्या मागे बसून वज्रेश्वरीपर्यंत येईन. हेल्मेट माझं मी आणतो.